बेथेस्डा ४ चा रिपोर्ट, थायरॉईडची गाठ आणि अर्ध्या थायरॉईडचं ऑपरेशन : पुण्यातल्या एका एंडोक्राइन सर्जरी युनिटचा रिव्ह्यू

आधीच सांगते, पाचपैकी साडेचार. अर्धा मार्क कापलाय तो बिलिंग आणि इन्शुरन्सच्या काउंटरसाठी, डॉक्टरांना मी पूर्ण मार्क देते. हॉस्पिटलचं नाव टाकत नाहीये कारण खाली तक्रारी पण लिहिल्यात, आणि थायरॉईड-पॅराथायरॉईडचीच ऑपरेशनं मुख्यत्वे करणारे सर्जन आता पुण्या-मुंबईत बऱ्याच ठिकाणी बसतात, तर चांगली जागा कशावरून ओळखायची ते लिहिलं तर जास्त जणांच्या कामाला येईल असं वाटतं.

हे लिहितेय ते खास त्यांच्यासाठी ज्यांच्या सुईच्या तपासणीच्या रिपोर्टवर बेथेस्डा (गाठीतल्या पेशी बघून देतात तो १ ते ६ चा नंबर) ३ किंवा ४ आलंय. म्हणजे गाठ साधी आहे असं कोणी ठामपणे म्हणत नाही आणि कॅन्सर आहे असंही म्हणत नाही. हा प्रकार फार छळतो. बेथेस्डा २ वाला घरी जाऊन झोपतो, ६ वाल्याला निदान पुढे काय करायचं ते कळतं, मधल्या माणसाला मात्र सासर-माहेर-शाळा-सोसायटी सगळीकडून सल्ले मिळत राहतात आणि रात्री झोप येत नाही.

माझी केस थोडक्यात. नाशिकला हायस्कूलला शिकवते, चाळिशी ओलांडलीय, स्टाफरूममध्ये पाणी पिताना आमच्या एका मॅडमना माझ्या गळ्यात उजव्या बाजूला काहीतरी वरखाली होताना दिसलं. टीएसएच म्हणजे थायरॉईडची रक्ताची टेस्ट केली, नॉर्मल आली. ही टेस्ट सगळ्यात आधी का करायची तर टीएसएच कमी असेल तर गाठ स्वतःच हार्मोन जास्त बनवत असण्याची शक्यता असते, मग आधी न्यूक्लिअर स्कॅन करतात, आणि अशी जास्त काम करणारी 'हॉट' गाठ कॅन्सरची असणं फारच क्वचित, त्यामुळे बऱ्याचदा सुई टोचायचीही गरज पडत नाही. माझं तसं नव्हतं. सोनोग्राफीत २.८ सेंटीमीटरची भरीव गाठ निघाली.

आता पहिली तक्रार, आणि ही पुण्याच्या युनिटबद्दल नाहीये. घराजवळच्या सेंटरला पहिली सोनोग्राफी झाली तिचा रिपोर्ट तीन ओळींचा होता. उजव्या लोबमध्ये (थायरॉईडच्या उजव्या भागात) नोड्यूल म्हणजे गाठ, माप, आणि "सजेस्ट एफएनएसी", म्हणजे सुईची तपासणी करा. बस. गाठ भरीव की पाण्याची, आजूबाजूच्या थायरॉईडपेक्षा काळपट दिसते का, कडा गुळगुळीत की खडबडीत, आडवीपेक्षा उभी जास्त आहे का, आत बारीक पांढरे ठिपके आहेत का, ह्यातलं काहीच नाही, आणि मानेतल्या बाकी गाठींबद्दल तर एक शब्द नाही. ह्याच पाच गोष्टींना मार्क देऊन टायरॅड्स नावाचा नंबर काढतात, १ ते ५, आणि २०१७ साली अमेरिकन रेडिओलॉजी कॉलेजने ठरवून दिलंय की नंबर ३ असेल तर गाठ २.५ सेंटीमीटरची झाल्यावर सुई टोचा, ४ असेल तर १.५ ला, ५ असेल तर १ सेंटीमीटरला. म्हणजे नुसत्या मापावरून काही ठरत नाही. रिपोर्टवर टायरॅड्स नंबर नसेल तर परत जाऊन मागा, आपण पैसे मोजलेत.

एफएनएसी पण तिथेच जवळच्या लॅबमध्ये झाली, सोनोग्राफी न लावता, हाताने चाचपून. रिपोर्ट आला "फॉलिक्युलर लीजन, क्लिनिकल कोरिलेशन आवश्यक". बेथेस्डाचा नंबर नाही. आणि तो कागद बघून एका सर्जननी पाच मिनिटात सांगितलं की पूर्ण थायरॉईड काढून टाकू, रिस्क कशाला घ्यायची, एक गोळी रोज सकाळी घ्यायची की झालं. घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "अगं काढूनच टाक ना सगळं, जिवापेक्षा काय मोठं." त्यांच्या काळजीत काहीच चूक नव्हती, पण एवढा मोठा निर्णय एवढ्याशा कागदावर घ्यायचा हे मला पटेना. मी रोज सहा तास वर्गात बोलते. गळ्यात काय काय असतं, आवाजाची नस कुठून जाते, ह्याबद्दल कोणी एक शब्द बोललं नव्हतं.

मग जाऊबाईंच्या ओळखीतून पुण्याच्या ह्या युनिटचा नंबर मिळाला. नाशिकहून जाताना चाकणच्या ट्रॅफिकचा हिशोब धरून निघा, सकाळची ओपीडी आहे आणि टोकन उशिरा लागलं की दुपार होते. वेटिंग भरपूर आहे. बसायला जागा कमी पडते, पंखे आहेत, एसी फक्त आत. पण एकदा आत गेलात की डॉक्टर मॅडम घाई करत नाहीत, माझ्याबरोबर अर्धा तास तरी बोलल्या असतील, आणि ह्या सगळ्या रिव्ह्यूत मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते ह्याच अर्ध्या तासाबद्दल.

त्यांनी आधी जुने रिपोर्ट बाजूला ठेवले आणि सोनोग्राफीचं मशीन स्वतः गळ्याला लावलं. बोलत बोलत दाखवत होत्या, ही श्वासनलिका, ही रक्तवाहिनी, ही तुमची गाठ. टायरॅड्स ४ सांगितला. मानेतल्या लिम्फ नोड्स दोन्ही बाजूंच्या बघितल्या, संशयास्पद काही नाही म्हणाल्या. मग म्हणाल्या, "ताई, जुन्या स्लाइड्स मागवून घ्या आणि आपण सोनोग्राफी लावून परत एकदा सुई घेऊ. त्याआधी ऑपरेशनचं बोलायचंच नाही."

परत सुई म्हटल्यावर मला टेन्शन आलं पण खरंच फार काही नाही. साध्या इंजेक्शनच्या सुईसारखीच किंवा त्याहून बारीक असते, स्क्रीनवर सुईचं टोक गाठीत शिरताना दिसतं, गाठीच्या वेगवेगळ्या भागातून दोन-चार वेळा घेतात, गिळायचं नाही आणि बोलायचं नाही एवढंच. इथे पॅथॉलॉजिस्ट स्वतः शेजारी उभे होते, पहिली स्लाइड तिथेच मायक्रोस्कोपखाली बघून पुरेसा माल आलाय का ते सांगितलं. हे फार महत्त्वाचं आहे कारण कमीत कमी सहा पुंजके आणि प्रत्येकात दहा तरी पेशी असल्याशिवाय स्लाइड वाचण्यालायक धरत नाहीत, नाहीतर बेथेस्डा १ म्हणजे "अपुरा नमुना" असा रिपोर्ट येतो आणि परत सगळं पहिल्यापासून. माझ्याकडून त्यांनी अडीच हजाराच्या आसपास घेतले, नाशिकपेक्षा जास्त आहेत पण मला ते वसूल वाटले.

रिपोर्ट बेथेस्डा ४, फॉलिक्युलर निओप्लाझम, म्हणजे थायरॉईडच्या फॉलिक्युलर पेशींची गाठ, साधी की कॅन्सरची ते न ठरलेली. जुन्या स्लाइड्सचंही तेच मत पडलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हे नंबर अमेरिकेत मेरीलँडमधल्या बेथेस्डा गावी २००७ साली झालेल्या परिषदेतून आले, नंतर त्यात दोनदा सुधारणा झाली, सगळ्यात अलीकडची २०२३ ची. एकूण ६ प्रकार. मॅडमनी मला कागदावर आकडे लिहून दिले, तो कागद अजून माझ्या फाईलमध्ये आहे. २ असेल तर कॅन्सरची शक्यता सरासरी ४ टक्के, ३ असेल तर २२, ४ असेल तर ३०, ५ ला ७४ आणि ६ ला ९७. म्हणजे माझ्यासारख्या १०० बायकांचं ऑपरेशन केलं तर साधारण ३० जणींना कॅन्सर निघतो आणि ७० जणींना नाही. आणि हेही सांगितलं की हे आकडे बहुतेक अशा लोकांवरून काढलेत ज्यांचं ऑपरेशन झालं, ज्यांची गाठ बघून कोणी ऑपरेशनच केलं नाही ते ह्यात फारसे मोजलेच जात नाहीत, त्यामुळे खरी शक्यता थोडी कमीही असू शकते, आणि प्रत्येक हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजीचा आकडा वेगळा असतो. मी विचारलं तुमच्याकडचा किती, तर त्यांनी त्यांचा आकडा सांगितला. कुठल्याही सर्जनला हा प्रश्न विचारा, ज्यांनी हिशोब ठेवलाय ते लगेच सांगतात.

मग मी तो प्रश्न विचारला जो सगळेच विचारतात, की एवढं सगळं सायन्स पुढे गेलंय तर सुईतून कळत कसं नाही? त्यांनी उलट मला विचारलं, "नाशिकच्या ना तुम्ही? द्राक्षात सुई घालून रस काढला तर रसावरून साल कुठे फाटलीय का ते सांगता येईल?" फॉलिक्युलर प्रकारच्या साध्या गाठीच्या पेशी आणि कॅन्सरच्या पेशी मायक्रोस्कोपखाली सारख्याच दिसतात. फरक एवढाच की कॅन्सरवाल्या पेशी गाठीचं कवच भेदून बाहेर गेलेल्या असतात किंवा रक्तवाहिनीत घुसलेल्या असतात. सुईने पेशी येतात, कवच येत नाही. म्हणून पूर्ण गाठ बाहेर काढून तिच्या कवचाचे चहूबाजूंनी तुकडे बघितल्याशिवाय निदान ठरवता येत नाही. म्हणजे ऑपरेशन हाच टेस्टचा भाग आहे! इतकं साधं, आणि नाशिकमध्ये मला कोणीच असं सांगितलं नव्हतं. पॅपिलरी कॅन्सरचं वेगळं आहे, त्याच्या पेशींचं केंद्रकच वेगळं दिसतं त्यामुळे सुईत बऱ्याचदा पकडला जातो, आणि थायरॉईडच्या कॅन्सरमध्ये तोच सगळ्यात जास्त असतो.

पर्याय तीन ठेवले त्यांनी समोर. एक, नुसतं लक्ष ठेवायचं, पण बेथेस्डा ४ आणि २.८ सेंटीमीटरला त्या हे सुचवत नव्हत्या, ३ असता तर परत सुई घेऊन बघितलं असतं म्हणाल्या कारण ३ वाल्या बऱ्याच जणांचा दुसऱ्या वेळी सरळ २ येतो. दोन, जीन्सची टेस्ट. सुईतून आलेल्या पेशींचे जीन्स तपासतात, अमेरिकेत अफर्मा आणि थायरोसेक ही नावं चालतात, निगेटिव्ह आली तर कॅन्सर नसण्याची खात्री ९५ टक्क्यांच्या वर जाते आणि ऑपरेशन टळू शकतं. ऐकायला फार छान वाटलं. पण आपल्याकडे ती रोजच्या वापरात नाही, नमुना बाहेर पाठवावा लागतो, खर्च जवळजवळ ऑपरेशनच्या जवळ जातो आणि पॉझिटिव्ह आली तरी फॉलिक्युलरमध्ये रास नावाच्या जीनमधला बदल साध्या गाठीतही सापडतो आणि कॅन्सरमध्येही, त्यामुळे शेवटी ऑपरेशन करावं लागायची शक्यता राहतेच. ज्यांना परवडतं आणि ज्यांना ऑपरेशन टाळायचंच आहे त्यांनी नक्की विचार करावा, मॅडमनी नको म्हणून सांगितलं नाही, फक्त सगळं मांडलं. तीन, गाठीच्या बाजूचा अर्धा थायरॉईड काढायचा. हेमीथायरॉयडेक्टमी.

पूर्ण का नाही, तर त्याचं उत्तर मला फार पटलं. ७० टक्के शक्यता आहे की गाठ साधी निघेल, मग दुसरा निरोगी अर्धा भाग काढून माणसाला आयुष्यभर गोळीवर का ठेवायचं. अर्धाच काढला तर साधारण पाचातल्या एकाला नंतर गोळी लागते, बाकीच्यांचा उरलेला भाग पुरतो. थायरॉईडच्या मागे कॅल्शियम सांभाळणाऱ्या चार पॅराथायरॉईड ग्रंथी असतात, एका बाजूचंच ऑपरेशन केलं तर दुसऱ्या बाजूच्या दोघींना हातच लागत नाही, त्यामुळे हातापायाला मुंग्या येणं, कॅल्शियमच्या गोळ्यांवर राहणं हे सहसा होत नाही. पूर्ण काढताना दोन्ही बाजूंच्या आवाजाच्या नसांजवळ काम करावं लागतं, अर्ध्यात एकाच बाजूला. आणि समजा कॅन्सर निघालाच, तर ४ सेंटीमीटरपर्यंतच्या, बाहेर न पसरलेल्या, कमी धोक्याच्या कॅन्सरला अर्धा काढणंही पुरेसं ठरू शकतं हे अमेरिकन थायरॉईड असोसिएशनने २०१५ सालीच मान्य केलंय. लागलंच तर दुसरा भाग नंतर काढता येतो. दुसऱ्या ऑपरेशनची ही शक्यता मात्र त्यांनी लपवली नाही, दोनदा सांगितली, आणि माझ्या नवऱ्यालाही समोर बसवून सांगितली. ज्यांना दोन्ही बाजूला गाठी आहेत, घरात थायरॉईडचा कॅन्सर झालेला आहे, लहानपणी मानेला रेडिएशन मिळालंय किंवा आधीपासूनच थायरॉईडची गोळी चालू आहे त्यांच्यासाठी पूर्ण काढणं बरोबर असू शकतं हेही म्हणाल्या. म्हणजे अर्धाच काढा असा हट्ट नाही, माणूस बघून ठरवायचं.

मी त्यांना हेही विचारलं की गळ्यावर व्रण न येता गाठ जाळून टाकतात त्याच्या जाहिराती येतात, ते करू का? त्यांनी स्पष्ट नाही सांगितलं. रेडिओफ्रीक्वेन्सीने गाठ आकसवतात ते साध्या ठरलेल्या गाठींसाठी, तेही सुईचा रिपोर्ट दोनदा साधा आल्यावर. बेथेस्डा ४ ची गाठ जाळली तर कवच तपासायला मिळतच नाही आणि आत काय होतं ते कळायचा रस्ताच बंद होतो. कृपा करून ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण व्रण नको म्हणून ह्यात अडकू शकतो माणूस.

आता ऑपरेशनबद्दल. आधी नाकातून बारीक दुर्बीण घालून आवाजाच्या दोन्ही पट्ट्या हलतात का ते बघितलं, त्याचा व्हिडिओ ठेवला. मी शिक्षिका आहे म्हटल्यावर नसांबद्दल नीट समजावलं. आवाजाची मुख्य नस छातीत जाऊन परत वर येते, उजवीकडची हाताकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीला वळसा घालते, डावीकडची तर हृदयातून निघणाऱ्या महाधमनीला, आणि मग श्वासनलिका आणि अन्ननलिकेच्या खाचेतून थायरॉईडला चिकटून वर चढते. अनुभवी हातात ती कायमची दुखावण्याचं प्रमाण १ टक्क्याच्या आसपास, तात्पुरता आवाज बसणं त्यापेक्षा जास्त. शिवाय वरच्या बाजूला एक बारीक नस असते, तिला धक्का लागला तर साधं बोलता येतं पण वरच्या पट्टीत आवाज लागत नाही, लांबवर ओरडता येत नाही. गाणाऱ्यांनी आणि शिक्षकांनी ह्या दुसऱ्या नसेबद्दल आवर्जून विचारा, कारण कन्सेंट फॉर्मवर बहुतेक ठिकाणी फक्त पहिलीच लिहिलेली असते. नस तपासणारं मशीन लावायचं का असं विचारलं, त्यात श्वासाच्या नळीलाच इलेक्ट्रोड असतात आणि नसेला स्पर्श केला की सिग्नल येतो, त्याचे वेगळे पैसे आहेत. मॅडम म्हणाल्या की नस डोळ्यांनी ओळखणं हेच मुख्य, मशीनने कायमची इजा कमी होते असं पक्कं सिद्ध झालेलं नाही, पण तुमच्या पेशामुळे मी लावेन. मी पैसे भरले. इतकं खरं सांगून पैसे मागितले तर द्यायला काही वाटत नाही.

ऑपरेशन चालू असतानाच तपासून कॅन्सर आहे का ते सांगता येईल ना, म्हणजे फ्रोझन सेक्शन, हे माझ्या भावाने विचारलं. फॉलिक्युलर गाठीत त्याचा उपयोग फार कमी, कारण त्या घाईत कवचाचे एखाद-दोन तुकडेच बघता येतात आणि घुसखोरी एखाद्याच कोपऱ्यात असू शकते. त्यामुळे शांतपणे पूर्ण तपासणी होऊ द्यायची.

पूर्ण भूल दिली. जाग आली तेव्हा पहिलं वाक्य मी सिस्टरला बोलले तेव्हाच आवाज ठीक आहे हे कळलं, थोडा घोगरा होता नळीमुळे, आठवड्याभरात गेला. त्या रात्री वॉर्डातल्या सिस्टर वारंवार येऊन गळा बघायच्या, पट्टीच्या बाजूने फुगतंय का, श्वास घ्यायला त्रास होतोय का. ह्या ऑपरेशननंतर पहिल्या २४ तासात आत रक्तस्राव होऊन श्वासनलिका दाबली जाऊ शकते, क्वचितच होतं पण झालं तर मिनिटांचा प्रश्न असतो. म्हणून जिथे रात्री सर्जन किंवा टाके उघडता येणारा डॉक्टर हजर नसतो तिथे हे ऑपरेशन करू नका, मग पैसे कितीही कमी लागू देत. नर्सिंगला माझे पाचपैकी पाच. सगळ्यांचं ताई, मावशी, आजी करून बोलणं, आणि प्रश्न विचारला तर चिडचिड नाही.

हिस्टोपॅथॉलॉजीला, म्हणजे काढलेल्या गाठीच्या मायक्रोस्कोपखालच्या तपासणीला, आठवडाभर लागला. ह्या आठवड्यात कोणी फोन करत नाही, रिपोर्ट कुठवर आलाय ते कळत नाही, काउंटरला फोन लावला तर "मॅडम, ऑनलाइन येईल" एवढंच. इथे युनिटने सुधारायला हवं. ज्या डॉक्टर इतकं समजावून सांगतात त्यांच्याच हॉस्पिटलात हा सगळ्यात कठीण आठवडा माणसाने एकट्याने काढायचा, हे बरोबर नाही. एक मेसेज पुरला असता.

रिपोर्ट आला, फॉलिक्युलर अॅडिनोमा, म्हणजे साधी गाठ, कवच पूर्ण तपासलं, कुठेही भेदलेलं नाही, रक्तवाहिनीत काही नाही. रिपोर्टवर कवच संपूर्ण तपासणीला घेतल्याचं स्पष्ट लिहिलेलं होतं, तुमच्या रिपोर्टवर हे वाक्य आहे का ते बघा. काही जण आता म्हणतात की मग ऑपरेशन उगाच झालं का. मला तसं अजिबात वाटत नाही. ऑपरेशनच्या आधी हे कळायची सोय नव्हती, आणि माझा अर्धा थायरॉईड शाबूत आहे, सहा आठवड्यांनी टीएसएच नॉर्मल आलं, गोळी नाही. पूर्ण काढला असता तर आज साध्या गाठीसाठी मी जन्मभराची गोळी घेत असते, त्याचा मात्र मला राग आला असता.

माझ्या शेजारच्या बेडवर ज्या काकू होत्या त्यांचाही बेथेस्डा ४ च होता, त्यांच्या रिपोर्टमध्ये मात्र कॅन्सर निघाला, बऱ्याच रक्तवाहिन्यांत घुसलेला. त्यांचं दुसरं ऑपरेशन झालं आणि नंतर रेडिओॲक्टिव्ह आयोडीनसाठी परळला रेडिएशन मेडिसिन सेंटरला नंबर लावला. ते सेंटर भाभा अणुसंशोधन केंद्राचं आहे, १९६३ पासून चालू आहे, थायरॉईडच्या कॅन्सरसाठी लांबलांबून लोक येतात तिथे. आयोडीनला थायरॉईडच्याच पेशी शोषून घेतात म्हणून हा उपचार होतो, आणि तो नीट व्हावा म्हणूनच आधी उरलेला थायरॉईड काढतात. काकू फोनवर बोलतात, तब्येत चांगली आहे. दुसऱ्या ऑपरेशनबद्दल त्यांना आधीच सांगितलेलं होतं म्हणून धक्का कमी बसला असं त्या स्वतः म्हणतात.

एक गोष्ट मध्येच सांगून टाकते. फुल बॉडी चेकअपच्या पॅकेजमध्ये काही त्रास नसताना गळ्याची सोनोग्राफी टाकतात, ती कृपया उगाच करू नका. दक्षिण कोरियात १९९९ नंतर कॅन्सर तपासणीच्या सरकारी योजनेबरोबर लोकांनी स्वस्तात थायरॉईडची सोनोग्राफी करून घेतली, आणि २०११ पर्यंत थायरॉईड कॅन्सरचं निदान १९९३ च्या पंधरापट झालं, मृत्यू मात्र जिथल्या तिथे राहिले. म्हणजे ज्या बारीक गाठींनी कधी त्रासच दिला नसता त्याही शोधून कापल्या गेल्या. हाताला लागतेय, दिसतेय, आवाज बदललाय, गिळायला अडतंय, तर जरूर करा.

आता तो कापलेला अर्धा मार्क. कॅशलेससाठी अर्ज केला तर टीपीएकडून (इन्शुरन्स कंपनीच्या वतीने क्लेम बघणारी एजन्सी) क्वेरी आली की निदान काय ते लिहा. कॅन्सर की साधी गाठ? अहो, तेच शोधायला तर ऑपरेशन आहे! बऱ्याच पॉलिसींमध्ये साध्या गाठींच्या ऑपरेशनला पहिली दोन वर्षं कव्हर नसतं आणि कॅन्सरला ती अट लागत नाही, त्यामुळे मधल्या रिपोर्टवाला माणूस बरोबर फटीत सापडतो. इन्शुरन्स डेस्कवरच्या दादांना बेथेस्डा काय ते माहीतच नव्हतं, त्यांनी फॉर्मवर नुसतं "थायरॉईड स्वेलिंग" लिहून पाठवलं होतं. थायरॉईडचंच युनिट चालवणाऱ्या हॉस्पिटलात हे व्हायला नको. शेवटी मॅडमनी स्वतः पत्र लिहिलं, बेथेस्डा ४, कॅन्सरची शक्यता इतकी, निदानासाठी आणि उपचारासाठी ऑपरेशन आवश्यक, तेव्हा मंजुरी आली. तुम्ही हे पत्र ॲडमिट व्हायच्या आधीच मागून घ्या, आणि फॉर्मवर काय लिहिलंय ते सही करण्याआधी वाचा. सगळं मिळून बिल दीड लाखाच्या आसपास झालं, त्यात नसेच्या मशीनचे पैसे इन्शुरन्सने दिले नाहीत. ज्यांच्याकडे पॉलिसी नाही त्यांनी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हे ऑपरेशन त्या हॉस्पिटलात बसतं का ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारा, ससूनसारख्या सरकारी मेडिकल कॉलेजांतही थायरॉईडची ऑपरेशनं होतात.

डिस्चार्जच्या वेळी ऑपरेशन नोट आणि स्लाइड्स-ब्लॉक मिळवायचा अर्ज, आणि नंतर फायनल रिपोर्ट आला की त्याची प्रत घेऊन ठेवा. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेले गाठीचे तुकडे, ते लॅबमध्ये असतात, पुढे कधी दुसरं मत घ्यायचं झालं तर तेच लागतात, आणि अर्ज केल्यावर मला ते दुसऱ्या दिवशी मिळाले. फॉलोअपला दरवेळी पुण्याला बोलवत नाहीत, टीएसएच नाशिकलाच करून रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पाठवला तरी चालतो, डाव्या बाजूच्या सोनोग्राफीला मात्र वर्षाने या म्हणाल्यात. ओपीडी मंगळवारी आणि शुक्रवारी असते, शुक्रवारी गर्दी जास्त, मंगळवारी गेलात तर बरं पडेल.